एंडोमेट्रिओसिस: बेळगाव, खानापूर, निपाणीकडे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगाव शहर, खानापूर आणि निपाणीकडच्या महिला मंडळांत, बचत गटांत पाळीच्या दुखण्याचा विषय निघाला की जे प्रश्न हमखास येतात, ते इथं एकत्र केले आहेत. काही मुलींनी चिठ्ठीवर लिहून दिले, काही सासवांनी विचारले, एक-दोन नवरे मंडळींचेही आहेत. उत्तरं माहितीसाठी आहेत. तपासणी आणि औषध डॉक्टरांकडूनच.

एंडोमेट्रिओसिसमध्ये नक्की होतं काय?

गर्भाशयाला आतून एक अस्तर असतं. दर महिन्याला ते जाड होतं आणि गर्भ राहिला नाही की पाळीवाटे बाहेर पडतं. या अस्तरासारख्याच पेशी गर्भाशयाच्या बाहेर रुजल्या की त्याला एंडोमेट्रिओसिस म्हणतात. बहुतेक वेळा त्या बीजकोशावर, गर्भाशय आणि गुदाशय यांच्या मधल्या खोलगट जागेत, ओटीपोटाच्या आतल्या पडद्यावर असतात. कधी आतड्यावर किंवा मूत्राशयावरही सापडतात. हार्मोन वरखाली झाले की या पेशीही सुजतात, रक्त सोडतात, पण त्या रक्ताला बाहेर पडायला वाट नसते. मग आजूबाजूला सूज येते, व्रण धरतात, अवयव एकमेकांना चिकटतात. बीजकोशात असं जुनं, घट्ट, तपकिरी रक्त साठून गाठ झाली की तिला चॉकलेट सिस्ट म्हणतात. सोनोग्राफीच्या रिपोर्टवर हा शब्द बऱ्याच जणींनी वाचलेला असतो, अर्थ मात्र कुणी सांगितलेला नसतो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार पाळी येण्याच्या वयातल्या साधारण दहा टक्के, म्हणजे जगभरात १९ कोटी मुलीबायकांना हा आजार आहे. तेव्हा 'आमच्या घराण्यात असलं काही नाही' म्हणणाऱ्या घरातही कुणीतरी असण्याची शक्यता बरीच आहे. फक्त तिनं ते सांगितलेलं नसतं.

पाळीत दुखणारच की! मग आजार कधी म्हणायचा?

हा प्रश्न बहुतेक वेळा आई किंवा सासू विचारते. पहिल्या दिवशी ओटीपोटात कळा येणं, कंबर भरून येणं, एखादी गोळी घेऊन कामाला लागता येणं, हे बऱ्याच जणींना होतं. पुढच्या गोष्टी मात्र 'सोसायच्या' यादीतल्या नाहीत: गोळी घेऊनही उठता न येणं, उलट्या, चक्कर, दर महिन्याला शाळा-कॉलेज किंवा काम बुडणं, पाळी यायच्या आधी दोन-चार दिवस दुखायला लागणं आणि पाळी संपल्यावरही न थांबणं, पाळीच्या दिवसांत संडासला किंवा लघवीला जाताना कळ येणं, संबंधांच्या वेळी खोल आत दुखणं.

शेवटची दोन लक्षणं बायका आपणहून कधीच सांगत नाहीत. डॉक्टरांनीही विचारली नाहीत तर ती कागदावर येतच नाहीत आणि निदान पुढं ढकललं जातं. जगभरात पहिल्या लक्षणापासून निदानापर्यंत कित्येक वर्षं जातात, आणि त्यातली बरीच 'होतंच असं' या दोन शब्दांत जातात असं माझं मत आहे.

आणखी एक. सिझेरियनच्या टाक्याजवळ गाठ लागते आणि ती नेमकी पाळीच्या दिवसांत दुखते, फुगते, असं असेल तर तेही दाखवा. त्याला टाका पिकला समजून महिनोन्‌महिने मलम लावत बसतात.

डॉक्टरांना सांगायचं कसं? तिथं गेल्यावर काहीच आठवत नाही.

स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर, जिथं दुधाचा हिशोब लिहिता, तिथंच लिहा. पाळी आली त्या चौकटीत गोल. दुखलं त्या दिवशी शून्य ते दहामधला आकडा. गोळी घेतली तर 'गो', काम बुडालं तर फुली, संडासला दुखलं तर 'सं'. घरात कुणी विचारलं तर सांगायची गरज नाही, आणि सांगितलं तर उत्तमच. अशी तीन महिन्यांची पानं फाडून डॉक्टरबाईंच्या टेबलावर ठेवली की 'दुखतं कधीकधी' याच्यापेक्षा खूप जास्त सांगून होतं. दुखणं पाळीशी जोडलेलं आहे की वेगळंच आहे, हे त्या चौकटी बघूनच अर्धं कळतं.

हा आजार होतो कशानं?

एकच एक कारण अजून सापडलेलं नाही. जो कुणी 'मला कारण माहीत आहे' म्हणून तुम्हाला डबी, चूर्ण किंवा पॅकेज विकायला बघेल, त्याच्यापासून लांब राहा. पण काहीच माहीत नाही असंही नाही.

सगळ्यात जुनं आणि अजून टिकून असलेलं स्पष्टीकरण अमेरिकेतल्या ऑल्बनी इथले शल्यविशारद जॉन सॅम्पसन यांनी १९२७ मध्ये मांडलं. पाळीचं थोडं रक्त बाहेर येण्याऐवजी गर्भनलिकांतून उलटं पोटात जातं, त्याबरोबर अस्तराच्या पेशीही जातात आणि तिथं रुजतात, असं त्यांचं म्हणणं. ज्यांना पाळी लवकर सुरू झाली, जिची पाळी लवकर लवकर येते किंवा रक्त जास्त जातं, अशांत हा आजार जास्त दिसतो. हे या म्हणण्याशी जुळतं. जन्मतः खालची वाट बंद असलेल्या मुलींत रक्त बाहेर येऊच शकत नाही. त्यांच्यातही तो जास्त सापडतो.

मात्र एक मोठी अडचण आहे. पाळीच्या दिवसांत पोटात दुर्बीण घालून पाहिलं तर नव्वद टक्क्यांच्या आसपास बायकांच्या पोटात असं उलटं रक्त सापडतं, आणि आजार होतो दहांतल्या एकीला. खानापूरकडे भाताचं बी सगळ्यांच्याच शेतात पडतं, उगवण जमिनीवर ठरते, तसंच काहीसं. म्हणून गेल्या काही दशकांतलं संशोधन 'बी कुठून आलं' यापेक्षा 'या बाईच्या पोटात ते रुजलं का' याच्या मागं लागलं आहे.

त्यातून हाती लागलेल्या गोष्टी अशा. नको त्या जागी आलेल्या पेशी साफ करणं हे प्रतिकारशक्तीचं काम. या बायकांत ते नीट होत नाही. उलट सफाईसाठी आलेल्या काही पेशीच तिथं नव्या रक्तवाहिन्या आणि नवे मज्जातंतू वाढायला मदत करतात. शिवाय हे ऊतक स्वतःच इस्ट्रोजेन हे हार्मोन तयार करतं, म्हणजे आपलं खत आपणच बनवतं, आणि त्याला आवर घालणाऱ्या प्रोजेस्टेरॉन या दुसऱ्या हार्मोनला नीट दाद देत नाही. काही बायकांना हार्मोनच्या गोळ्यांचा गुण येत नाही, त्यामागं हेही एक कारण आहे.

सॅम्पसनच्या सिद्धांतात न बसणारी उदाहरणंही आहेत. फुफ्फुसाच्या आवरणावर हा आजार सापडतो. पाळी कधीच न आलेल्यांत क्वचित सापडतो. प्रोस्टेटच्या कॅन्सरसाठी दीर्घकाळ इस्ट्रोजेन दिलेल्या अगदी मोजक्या पुरुषांतही सापडला आहे. म्हणून पोटाच्या पडद्यातल्या पेशी स्वतःच रूप बदलतात, किंवा मूळपेशी रक्तातून, लसिकेतून दूर जातात, असेही विचार पुढं आहेत. बऱ्याच संशोधकांना आता वाटतं की हा एकच आजार नसावा, वेगवेगळ्या वाटांनी एकाच नावापाशी येणारे दोन-तीन आजार असावेत. मला हे पटतं, कारण दोन बहिणींचं दुखणंही एकसारखं नसतं.

आईला होतं, मला आहे. लेकीला होणार का?

होईलच असं नाही, पण धोका इतरांपेक्षा जास्त. जुळ्या बहिणींवरच्या अभ्यासांतून दिसतं की आजार होण्या-न होण्यातला जवळपास निम्मा फरक आनुवंशिक आहे. एकाच जनुकाचा दोष मात्र नाही. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या जागतिक अभ्यासात ६०,००० हून जास्त रुग्ण बायकांचे आणि सात लाखांवर इतरांचे जनुक तपासले, तेव्हा धोक्याशी जोडलेल्या ४२ जागा सापडल्या. त्यातल्या काहींचा संबंध सतत दुखण्याशी, अर्धशिशीशीही लागतो. पण त्या बायका युरोपीय आणि पूर्व आशियाई वंशाच्या होत्या, आपल्याकडच्या नव्हत्या.

ही उणीव भरून काढण्यासाठी मुंबईच्या राष्ट्रीय प्रजनन व बाल आरोग्य संशोधन संस्थेनं देशाच्या वेगवेगळ्या भागांतल्या रुग्णालयांना घेऊन भारतीय बायकांमधल्या या आजाराचा आणि जनुकांचा अभ्यास हाती घेतला आहे.

लेकीसाठी आज करायचं ते सोपं आहे. तिची पाळी सुरू झाली की ती काय सांगते ते ऐकायचं. दहावीच्या वर्षात दर महिन्याला दोन दिवस शाळा बुडत असेल तर 'अभ्यासाचं टेन्शन' म्हणून सोडून द्यायचं नाही.

जंतूंमुळे होतो, अँटिबायोटिकनं बरा होतो, असं व्हॉट्सअॅपवर आलंय.

अर्धं खरं आहे, म्हणूनच घातक. जपानच्या नागोया विद्यापीठातल्या संशोधकांना २०२३ मध्ये आजार असलेल्या ६४ टक्के बायकांच्या गर्भाशयाच्या अस्तरात फ्युसोबॅक्टेरियम हा जंतू सापडला. आजार नसलेल्यांत तो दहा टक्क्यांहून कमी जणींत होता. उंदरांना अँटिबायोटिक दिल्यावर त्यांच्यातले चट्टे कमी झाले. अभ्यास चांगला आहे, पण उंदीर तो उंदीर. बायकांत असा उपचार सिद्ध झालेला नाही. मेडिकलमधून आपणहून अँटिबायोटिक आणून खाऊ नका.

मी जड उचलत होते, गाडी चालवत होते, पाळीत दही खाल्लं, म्हणून झालं का?

नाही. यातल्या कशानंही नाही. पाळीत देवघरात गेल्यानंही नाही.

सोनोग्राफी नॉर्मल आली. म्हणजे आजार नाही ना?

असं म्हणता येत नाही. चॉकलेट सिस्ट सोनोग्राफीत चांगली दिसते, खोलवर गेलेला आजार अनुभवी हाताला योनीमार्गातून केलेल्या सोनोग्राफीत किंवा एमआरआयमध्ये दिसतो. पडद्यावरचे बारीक चट्टे मात्र बहुतेक वेळा दिसतच नाहीत, आणि दुखणं त्यांनीही भरपूर होतं. आजाराच्या एक ते चार पायऱ्या ठरवल्या आहेत, पण पायरी आणि वेदना यांचा मेळ बसत नाही. पहिल्या पायरीची बाई अंथरूण धरते आणि चौथ्या पायरीच्या बाईला मूल राहत नाही म्हणून तपासताना पहिल्यांदा कळतं.

पूर्वी दुर्बीण घालून पाहिल्याशिवाय निदान पक्कं धरत नसत. युरोपच्या तज्ज्ञ संघटनेनं २०२२ च्या मार्गदर्शिकेत ही अट काढली. लक्षणं आणि तपासणी जुळत असेल तर आधी औषध सुरू करावं, तपासण्यांत काही दिसत नसेल किंवा औषधानं गुण येत नसेल तर दुर्बिणीचा विचार करावा, असं आता सांगतात. सीए-१२५ या रक्ततपासणीवरून निदान करू नये, असंही त्यात स्पष्ट आहे. ही तपासणी आपल्याकडं सर्रास लिहून दिली जाते, आकडा थोडा वाढला की घरात कॅन्सरची रडारड सुरू होते. पाळीत, गाठींमध्ये, टीबीतही तो आकडा वाढतो.

टीबीचं नाव मुद्दाम घेतलं. आपल्या देशात जननेंद्रियांचा टीबी अजून आहे. ओटीपोटात दुखणं, मूल न राहणं, आत सगळं चिकटलेलं असणं, ही चित्रं दोन्हींत सारखी दिसतात. उपचार मात्र पूर्ण वेगळे. म्हणून घरात कुणाला टीबी झाला असेल तर ते डॉक्टरांना सांगायला विसरू नका.

थुंकीवरून निदान करणारी एक तपासणी फ्रान्समध्ये निघाली आहे. ती थुंकीतल्या १०९ सूक्ष्म आरएनएंचा, म्हणजे जनुकांचं काम आवरणाऱ्या बारीक रेणूंचा, नमुना वाचते. आशा आहे, पण सध्या आपल्या तालुक्याच्या दवाखान्यात सोनोग्राफी वेळेवर झाली तरी पुष्कळ.

लग्न झालं की, मूल झालं की थांबतं म्हणतात?

गरोदरपणात आणि अंगावर पाजताना पाळी बंद असते, म्हणून काही जणींना आराम पडतो. पाळी परत आली की दुखणंही परत येऊ शकतं. गरोदरपण हा उपचार नाही. अठरा-एकोणीस वर्षांच्या पोरीचं लग्न 'पोटदुखीवर औषध' म्हणून लावणं तर मुळीच नाही. संबंधांच्या वेळी दुखणं हे या आजाराचंच लक्षण आहे, तेव्हा लग्नानं तिचा त्रास वाढायचीच शक्यता जास्त.

पेनकिलर सारखी खाल्ली तर चालते का?

मेफेनॅमिक अॅसिड, आयबुप्रोफेन, नॅप्रोक्सेन या गोळ्या दुखणं आणणाऱ्या प्रोस्टाग्लँडिन या रसायनाचं तयार होणंच कमी करतात. म्हणून कळ शिगेला पोचल्यावर घेण्यापेक्षा दुखायला लागतानाच घेतली की जास्त गुण येतो. उपाशीपोटी घ्यायची नाही. अल्सर, किडनीचा त्रास किंवा दमा असेल तर विचारल्याशिवाय घ्यायची नाही. पाळीतले दोन-तीन दिवस ठीक. महिन्यातले दहा-बारा दिवस गोळीवर निघत असतील तर पुढचा उपचार हवा. आणि ही गोळी दुखणं दाबते, आजाराला धक्का लावत नाही.

हार्मोनच्या गोळीनं पाळीच बंद झाली. घाण रक्त आत साठत असेल की!

ही भीती इतकी पक्की आहे की कित्येक जणी दोन महिन्यांत गोळी सोडून देतात. आत काहीही साठत नाही. गोळीमुळं अस्तर वाढतच नाही, पातळ राहतं, मग बाहेर टाकायला काही उरत नाही. पाळीचं रक्त 'घाण' नसतंच.

आपल्याकडं सध्या सगळ्यात जास्त लिहून दिली जाते ती डायनोजेस्ट, रोज दोन मिलिग्रॅम, खंड न पाडता. पहिले काही महिने मधूनच डाग लागतात. हे आधी सांगितलेलं असलं की बाई घाबरत नाही. मन उदास होणं, डोकं दुखणं, वजन वाढणं हेही काहींना होतं, तेव्हा डॉक्टरांना कळवायचं. ती घेताय म्हणजे गर्भनिरोधन झालं असं धरू नका. याशिवाय नेहमीच्या गर्भनिरोधक गोळ्या, नॉरएथिस्टेरॉन, तीन महिन्यांचं इंजेक्शन, आणि गर्भाशयात बसवायचं हार्मोनचं साधन. या शेवटच्याला सगळ्या जणी 'तांबी' म्हणतात, पण ती तांब्याची नव्हे. तांब्याच्या कॉपर-टीनं रक्तस्राव आणि दुखणं वाढू शकतं, हार्मोनच्या साधनानं कमी होतं. बसवताना कुठली ते विचारून घ्या.

यातलं भारी कुठलं? ब्रिटनमध्ये शस्त्रक्रिया झालेल्या ४०५ बायकांवर एक चाचणी झाली, २०२४ मध्ये तिचे निष्कर्ष आले. निम्म्यांना साधी गर्भनिरोधक गोळी, निम्म्यांना इंजेक्शन किंवा गर्भाशयातलं साधन. तीन वर्षांनी दोन्हीकडं दुखणं सारखंच कमी झालेलं होतं. महागाचं तेच चांगलं असं नाही, हे त्यातून घ्यायचं. जिला जे मानवेल, परवडेल, आणि मूल कधी हवं त्यावर ठरवावं.

ते महिन्याचं इंजेक्शन दिलं आणि अंगातून वाफा निघायला लागल्या.

ल्युप्रोलाइडसारखी इंजेक्शनं बीजकोशाचं काम तात्पुरतं बंद करतात, म्हणून पाळी जाताना होतात तसे त्रास होतात. जास्त दिवस घेतलं तर हाडं ठिसूळ होतात. त्यामुळं ते सहसा काही महिन्यांपुरतं, आणि सोबत थोडं हार्मोन परत देऊन वापरतात. अलीकडं याच कामाच्या तोंडानं घ्यायच्या गोळ्या आल्या आहेत. अमेरिकेत एलागोलिक्सला २०१८ मध्ये आणि रेलुगोलिक्सच्या मिश्र गोळीला २०२२ मध्ये या आजारासाठी मान्यता मिळाली.

ऑपरेशन केलं की कायमचं मिटतं का?

बऱ्याच जणींना चांगला आराम पडतो, पण कायमचा शब्द कुणी देऊ शकत नाही. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत चट्टे कापून काढतात किंवा जाळतात, चिकटलेले अवयव सोडवतात, सिस्टची भिंत काढतात. नंतर औषध काहीच घेतलं नाही तर पाच वर्षांत चाळीस-पन्नास टक्के जणींना आजार परत दिसतो, असं वेगवेगळ्या अभ्यासांचं एकत्रित गणित सांगतं. म्हणून मूल लगेच नको असेल तर शस्त्रक्रियेनंतर हार्मोन सुरू ठेवायला सांगतात.

बीजकोशावरचं ऑपरेशन जपून. सिस्टबरोबर थोडी निरोगी बीजंही जातात. पुन्हा पुन्हा ऑपरेशन केलं की साठा घटत जातो. तरुण मुलगी असेल तर आधी बीजांचा साठा दाखवणारी एएमएच ही रक्ततपासणी करून घ्यावी का, हे विचारा. आतड्यापर्यंत आजार गेलेला असेल तर हे काम रोज करणाऱ्या पथकाकडंच जावं. मिरज, कोल्हापूर, हुबळी किंवा पुण्याला जायची वेळ आली तरी चालेल.

पिशवीच काढून टाकली तर? डॉक्टर म्हणाले, कटकट मिटेल.

सगळ्यात जास्त थांबून विचार करायची जागा ही. आजार गर्भाशयाच्या बाहेर आहे. नुसती पिशवी काढली आणि बाहेरचे चट्टे तसेच ठेवले तर दुखणं राहू शकतं. सोबत बीजकोशही काढले तर पस्तिशी-चाळिशीतच पाळी जाते, हाडं आणि हृदय यांचा त्रास लवकर मागं लागतो. गर्भाशयाच्या भिंतीतच अस्तर शिरलेलं असतं त्याला अॅडेनोमायोसिस म्हणतात. तो आजार सोबत असेल, मुलं झालेली असतील, औषधांनी गुण आलेला नसेल, तर पिशवी काढणं योग्य ठरू शकतं. पण तो शेवटचा पर्याय.

बीडच्या ऊसतोड बायकांच्या पिशव्या काढण्याचा विषय २०१९ मध्ये महाराष्ट्राच्या विधिमंडळात गाजला. त्याच भागातल्या टोळ्या हंगामात आपल्याकडच्या साखर कारखान्यांच्या फडातही येतात, तेव्हा हे लांबचं नाही. 'पिशवीला सूज आहे, कॅन्सर होईल' असं एका भेटीत सांगून कुणी तारीख देत असेल तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या, शक्यतो सरकारी रुग्णालयातल्या. दुसरं मत मागितल्यावर रागावणारे डॉक्टर असले तर निर्णय सोपाच होतो.

मूल होईल का?

पुष्कळ जणींना आपोआप होतं. या आजारात तीस ते पन्नास टक्के जणींना मूल राहायला अडचण येते असं मानतात. याचा अर्थ निम्म्या किंवा त्याहून जास्त जणींना येत नाही. वय, नळ्यांची स्थिती, बीजांचा साठा आणि नवऱ्याची तपासणी यावर पुढचं ठरतं. नवऱ्याची तपासणी सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात शेवटी होते, ती आधी करा. हार्मोनच्या गोळ्यांनी मूल राहायला मदत होत नाही, त्या घेत असताना बहुतेक वेळा बीज सुटत नाही. आयव्हीएफ (टेस्ट ट्यूब बेबीचा उपचार) करायचं असेल तर त्याआधी सरसकट चॉकलेट सिस्ट काढू नये, असं आताच्या मार्गदर्शिका सांगतात.

कॅन्सर होतो का?

हा आजार कॅन्सर नाही. बीजकोशाच्या कॅन्सरचा धोका थोडा वाढतो. पाश्चात्त्य देशांतले आकडे घेतले तर आयुष्यभरात इतर बायकांत तो शंभरात एकीपेक्षा किंचित जास्त जणींना होतो, या आजारात शंभरात दोनच्या आत. पाळी गेल्यावर गाठ वाढायला लागली तर मात्र लगेच दाखवा.

हळद, काढे, पथ्य?

हळदीतल्या कर्क्युमिनचे प्रयोगशाळेत चांगले परिणाम दिसलेत. बायकांच्या दुखण्यावर तसा ठोस पुरावा नाही. आमटीत घालताच आहात, ती चालू ठेवा. धातूंची भस्मं किंवा नाव नसलेल्या पुड्या नकोत.

पोट फुगणं, गुबारा धरणं हा त्रास जिला फार आहे, तिला आहारातल्या बदलानं फायदा होऊ शकतो. ऑस्ट्रेलियाच्या मोनाश विद्यापीठातल्या एका छोट्या चाचणीत, आंबून वायू करणारे पदार्थ कमी केल्यावर या आजारातल्या बायकांचा पोटाचा त्रास कमी झाला. आपल्या ताटात याचा अर्थ कांदा, लसूण, गहू, हरभरा काही आठवडे कमी करून बघायचे, मग एकेक परत आणायचा. ज्वारीची भाकरी आणि भात चालतो. कुंदा मात्र दुधाचाच, तेव्हा तो काही दिवस पाहुण्यांना. गरम पाण्याची पिशवी, चालणं, ओटीपोटाच्या स्नायूंचे फिजिओथेरपीतले व्यायाम यांनी बऱ्याच जणींना उतार पडतो.

संशोधनात आता नवीन काय चाललंय?

हार्मोन न दाबता उपचार करता येईल का, हा सध्याचा मोठा प्रश्न आहे. म्हणजे दुखणं थांबेल आणि मूलही राहू शकेल. एडिनबर्गमध्ये डायक्लोरोअॅसिटेट या औषधाची चाचणी चालली आहे. या आजारात पोटाच्या पडद्यातल्या पेशी लॅक्टेट हे रसायन जास्त तयार करतात, ते कमी करायचा हा प्रयत्न. ऑक्सफर्डसह काही संस्थांना २०२१ मध्ये या आजाराशी जोडलेलं एनपीएसआर-१ हे जनुक सापडलं. उंदरांत त्याचं काम रोखल्यावर सूज आणि दुखणं घटलं. खोल आजाराच्या चट्ट्यांत केआरएएससारख्या जनुकांतले, एरवी कॅन्सरमध्ये दिसणारे बदल २०१७ मध्ये सापडले. कॅन्सर नसताना ते तिथं का आहेत, यावर काम सुरू आहे.

काय चाललं नाही हेही कळलं पाहिजे. ओटीपोटात सतत दुखतं पण दुर्बिणीत काहीच सापडत नाही अशा बायकांना गॅबापेंटिन देत असत. ब्रिटनमधल्या २०२० च्या चाचणीत ते औषध नसलेल्या गोळीपेक्षा सरस ठरलं नाही, चक्कर आणि झोप तेवढी वाढली.

आमच्यासारख्यांना संशोधनात भाग घेता येतो का? आपल्यावर प्रयोग करतील ना?

आपल्या भागाला हे नवीन नाही. बाळंतपणातल्या रक्तस्रावावर मिसोप्रोस्टॉल गोळीचा अभ्यास बेळगावच्या जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेजनं इथल्याच गावांत केला. १,६२० बायका, गोळी देणाऱ्या गावातल्या नर्सबाई. रक्तस्रावाचं प्रमाण १२ वरून ६.४ टक्क्यांवर आलं आणि २००६ मध्ये ते लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं.

भाग घेण्याआधी संमतीचा कागद तुम्हाला समजणाऱ्या भाषेत मिळायला हवा. मराठी समजत असेल तर मराठीत मागा. मधेच बाहेर पडायचा हक्क आहे आणि त्यानं तुमचा नेहमीचा उपचार थांबत नाही. औषधाची चाचणी भारताच्या क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्रीत नोंदलेली आहे का, तो नंबर विचारा. चाचणीत भाग घ्यायला पैसे मागणारा संशोधक नसतो.

रजा मिळते का?

कर्नाटक मंत्रिमंडळानं ऑक्टोबर २०२५ मध्ये नोकरदार बायकांसाठी महिन्याला एक दिवस पगारी पाळीरजेचं धोरण मंजूर केलं. घरी बसून विडी वळणाऱ्या निपाणीच्या बाईला आणि रोजानं शेतावर जाणाऱ्या बाईला त्यातून काय मिळणार, हा प्रश्न आहेच.

जायचं कुठं, आणि पैशाचं काय?

सुरुवात गावच्या आशाताईपासून किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रापासून. तिथून तालुक्याचं रुग्णालय, मग बेळगावचं बिम्स जिल्हा रुग्णालय. खानापूरकडची माणसं चोर्ला घाटातून गोव्यात बांबोळीच्या सरकारी रुग्णालयात जातात, निपाणीची कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी रुग्णालयात. कुठंही गेलात तरी जुने सोनोग्राफीचे कागद, ऑपरेशन झालं असेल तर डिस्चार्ज कार्ड आणि कॅलेंडरची पानं सोबत न्या.

कर्नाटकात आयुष्मान भारत-आरोग्य कर्नाटक योजना आहे. बीपीएल कार्ड असेल तर वर्षाला कुटुंबामागं पाच लाखांपर्यंत, एपीएल असेल तर ठरलेल्या पॅकेजच्या तीस टक्के. बऱ्याच उपचारांना आधी सरकारी रुग्णालयाचं पत्र लागतं, तेव्हा थेट खासगीत भरती होऊन मग योजना विचारू नका. महाराष्ट्रानं २०२३ मध्ये महात्मा फुले जन आरोग्य योजना सीमाभागातल्या ८६५ गावांना लागू करायचं ठरवलं, त्यावरून दोन राज्यांत वाद झाला. कागदावर तुमचं गाव यादीत असलं तरी भरती व्हायच्या आधी त्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राकडून, म्हणजे योजनेच्या मदतनीसाकडून, 'हे ऑपरेशन बसतं का' ते लेखी घ्या.

केंद्रावरच्या नर्सबाईंना मराठी येत नसेल तर नुसतं 'होट्टे नोवु' म्हणू नका, पित्ताची गोळी हातावर पडेल. 'मुट्टिन होट्टे नोवु' म्हणा, म्हणजे पाळीतलं पोटदुखणं आहे हे कळतं. आणि स्त्रीरोगतज्ज्ञ कुठल्या वारी येतात ते आशाताईला आधी फोन करून विचारून घ्या, म्हणजे बसभाडं वाया जाणार नाही.